दवाखान्यात साबण कोण भरून ठेवतं?



गेल्या काही महिन्यांत तीन-चार मंडळ्यांकडून साधारण एकच विचारणा आली. "भोकरदन भागातल्या वस्त्यांवरचे लोक ज्या सरकारी दवाखान्यात जातात, तिथे आम्हाला काही द्यायचे आहे. काय देऊ? नवजात बाळांसाठी वॉर्मर चालेल का? ऑक्सिजनचे मशीन?" विचारणाऱ्यांचे मन मोठे आहे, आणि वॉर्मर किंवा मशीन या काही वाईट वस्तू नाहीत. पण माझे उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा जरा उतरतो. म्हणून ते एकदा सविस्तर लिहिते. माझे उत्तर असे की आधी हात धुण्याची सोय पाहावी. नळाला पाणी आहे का, साबण आहे का, आणि या दोन्ही गोष्टी रोज असतील हे पाहणारे कोणी माणूस आहे का, हे विचारावे. मशीनचे नंतर बोलू.

नव्या वाचकांसाठी थोडे आमच्या भागाविषयी. भोकरदन हा जालना जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका, आणि केळना नदीच्या काठी तालुक्याचे गाव. भिल्ल आणि पारधी कुटुंबांच्या वस्त्या बहुधा गावाच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर असतात. बाळंतपण असो, विंचू चावलेला असो की लेकराला जुलाब लागलेले असोत, माणूस आधी जवळच्या डॉक्टरकडे जातो, मग उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथून पुढे पाठवले तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर. या प्रत्येक पायरीवर रुग्णाला नवे हात लागतात. कोणी नाडी पाहते, कोणी सुई टोचते, कोणी चादर बदलते, कोणी टाके काढते. हे सगळे मदतीचे हात आहेत, आणि दवाखान्यातला संसर्ग सर्वांत जास्त प्रवास करतो तो याच हातांवरून.

दवाखान्यात येताना रुग्णाला जो संसर्ग नव्हता आणि तिथे आल्यावर जो लागला, त्याला रुग्णालयातला संसर्ग म्हणतात. सिझेरियनचे टाके पिकणे, सलाईनची जागा लाल होऊन सुजणे, लघवीच्या नळीतून जंतू आत जाणे, नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरणे, ही त्याची नेहमीची रूपे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याबद्दल अहवाल काढला. त्यानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना असा संसर्ग होतो, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना. ज्यांना तो होतो, त्यांच्यातला सरासरी दहावा माणूस दगावतो. याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हातांची नीट स्वच्छता आणि इतर साधे, कमी खर्चाचे उपाय पाळले तर यांतले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात.

साधी चूक किती महाग पडते, याची एक गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण ऐकले असेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला आली आणि तिथून लाखो बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ लोकांना ही लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. काही दिवसांत त्या १९ही जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे मरण पावले. बाकीच्यांना काही झाले नाही.

दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावे पुन्हा तपासले, रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, आणि १९०७ साली हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. लस परळहून निघाली तेव्हा ती शुद्ध होती, हेच पुराव्यांवरून दिसत होते. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. तसे न करता तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्याच चिमट्याने बूच उघडले.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि प्रतिकूल काळात ते स्वतःभोवती एक टणक कवच करून घेतात. औषधाच्या पाण्यात क्षणभर बुडवल्याने त्या कवचाला काही होत नाही. साधे उकळल्यानेही ते नक्की मरतील असे नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे ढोबळमानाने मोठा प्रेशर कुकरच. त्यात १२१ अंश तापमानाची दाबाखालची वाफ उपकरणांना मिळते. उपकरणे कापडात गुंडाळलेली असतील तर ३० मिनिटे आणि उघडी असतील तर २० मिनिटे ठेवावी लागतात. वेळ मोजायची ती तापमान आणि दाब पुरेसा चढल्यावर. गर्दीच्या दिवशी नेमकी हीच मिनिटे चोरली जातात.

मुल्कोवालचा विचार करताना मला चिमट्याइतकेच त्या गावाचे वाटते. लस टोचून घ्या म्हणून सांगायला जे लोक आले, त्यांच्यावर विश्वास ठेवणारी माणसे मेली. त्यानंतर पंजाबात लसीकरणाचे काम किती अवघड झाले असेल, हे वस्तीवर काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आमच्याही भागात असेच घडते, फक्त त्याची बातमी होत नाही. एका वस्तीवरची मुलगी, पहिलटकरीण, आम्ही समजावल्यावर दवाखान्यात गेली. सिझेरियन झाले, बाळ चांगले होते. पाचव्या-सहाव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागला. पुन्हा दाखल, पुन्हा टाके, सासूची मजुरी बुडाली, घरातली शेळी विकली गेली. मुलगी वाचली. पण पुढची दोन-अडीच वर्षे त्या वस्तीवरच्या बायका एकच वाक्य बोलत राहिल्या: "ताई, तिथं चांगलं माणूस नेलं तर कुजून येतं." त्या काळात दोन बाळंतपणे वस्तीवरच झाली. त्यातल्या एकीला इतका रक्तस्राव झाला की रात्री जीप शोधताना सगळ्यांचे धाबे दणाणले. बाळंतपणात दवाखानाच सुरक्षित आहे, यात मला कधी शंका वाटलेली नाही. पण आपण ज्या जागी लोकांना पाठवतो, ती जागा आत गेल्यावर कशी आहे, हे पाहणेही आपलेच काम आहे.

इथे एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. आपल्याच काही सभासदांच्या तोंडून मी ऐकले आहे की "ती माणसे अस्वच्छ राहतात, त्यांना संसर्ग होणारच." दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांकडूनही हेच ऐकायला मिळते. वस्तीवर पाणी कमी, हे खरे. अंघोळीला आठवड्याचा हिशेब करावा लागतो, हेही खरे. पण टाके पिकवणारे जे हट्टी जंतू अनेक औषधांना दाद देत नाहीत, ते बहुतेक रुग्णालयांत पोसलेले असतात. एका रुग्णाच्या जखमेवरून दुसऱ्याच्या जखमेवर ते चालत जात नाहीत. त्यांना कोणीतरी नेते.

हे प्रथम आकड्यांनी दाखवले ते व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने. त्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी तापाने मेल्या. सुइणींच्या विभागात ३ च्या आत. शहरातल्या गरीब बायकांना हे कोणत्याही अहवालाविना ठाऊक होते. डॉक्टरांच्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. काही तर वाटेतच बाळंत होणे पसंत करत. लोक त्यांना अडाणी म्हणत. सेमेलवाइसच्या लक्षात आले की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला येतात, सुइणी शवविच्छेदन करत नाहीत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने चुनखळीच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागातला मृत्यूदर १८ टक्के होता, जूनमध्ये तो २ टक्क्यांच्या आसपास आला. जंतूंचा शोध तेव्हा लागायचा होता. त्या बायकांची भीती खरी निघाली. म्हणून वस्तीवरची बाई दवाखान्याला घाबरते तेव्हा मी आधी तिचे ऐकून घेते.

आता हात नेमके कधी धुवायचे? "वारंवार" हे उत्तर कामाचे नाही, कारण वारंवार म्हणजे कोणालाच नेमके कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. रुग्णाला हात लावण्याआधी. सुई, सलाईन, ड्रेसिंग असे निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, लघवी, पू अशा कशाचा स्पर्श झाल्यावर. रुग्णाला हात लावून झाल्यावर. आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. पहिल्या चार पटकन पटतात. पाचवी बहुतेक ठिकाणी राहून जाते. सिस्टर रुग्णाला हातही लावत नाही, नुसता सलाईनचा स्टँड सरकवते, खाटेची कड धरते, उशाजवळची फाईल उचलते, आणि तशीच शेजारच्या खाटेवरच्या बाळाकडे वळते. खाटेची कड आणि फाईल यांच्यावर रुग्णाचेच जंतू असतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर वाळलेल्या रक्ताच्या थेंबात आठवडाभर टिकतो.

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचे हॅन्डरब पुरते. ते २० ते ३० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याभोवती चोळायचे. हातांना रक्त, शी, माती लागली असेल किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर मात्र साबण आणि वाहते पाणीच हवे, ४० ते ६० सेकंद. हातमोजे घातले म्हणजे हात धुतले असे होत नाही. एकच मोजे घालून चार रुग्ण पाहिले तर रुग्णांच्या दृष्टीने ते न धुतलेलेच हात. मोजे काढल्यावरही हात धुवायचे असतात, कारण मोज्यांना न दिसणारी छिद्रे असतात.

हे सगळे सांगायला सोपे. जालना जिल्ह्यात मार्च-एप्रिल उजाडला की गावोगाव टँकर सुरू होतात, हे आपण जाणताच. जिथे पिण्याचे पाणी मोजून येते तिथे मिनिटभर नळ सोडून हात धुवा म्हणणे विनोदच वाटतो. रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरकडे तीस रुग्ण असतील आणि टाकी कोरडी असेल, तर दोष तिला देऊन उपयोग नाही. म्हणून मी मशीनच्या आधी टाकीचे विचारते. आणखी एक बारीक गोष्ट. वॉर्मर एक आणि बाळे दोन, म्हणून दोन्ही एकाच वॉर्मरखाली ठेवली जातात. हात धुतलेले नसतील तर त्या उबेत बाळांबरोबर जंतूंचीही सोय होते.

साबणाचेही शास्त्र आहे. वडी पाण्याच्या थारोळ्यात पडून राहिली तर तिच्यावरच जंतू वाढतात. तिला भोके असलेली ताटली हवी. पातळ साबणाच्या बाटलीत थोडा उरला असताना वरून नवा ओतत राहू नये. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मग भरायची. बेसिनजवळ लटकणारा एकच ओला टॉवेल सगळ्यांनी वापरला तर धुतलेले हात पुन्हा तिथेच येतात.

सुईविषयी वस्तीवर आणि गावात वेगळीच अडचण आहे. "सुई दिल्याशिवाय बरं वाटत नाही" असे आपले लोक म्हणतात, आणि मागणी आहे म्हणून काही ठिकाणी तापालाही सुई आणि अंगदुखीलाही सुई. गरज नसलेली प्रत्येक सुई हा एक फुकटचा धोका आहे. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी ची मोठी साथ पसरली आणि अनेकांचे जीव गेले. आम्ही वस्तीवरच्या बायकांना एकच गोष्ट शिकवतो. डॉक्टरसाहेबांना नमस्कार करून म्हणायचे, "साहेब, पाकीट माझ्यासमोर फोडा." सुई बदलली आणि सिरिंज तीच राहिली तरी चालत नाही, हेही सांगतो. सुरुवातीला बायका लाजत. आता एक आजी तर रिकामे पाकीट मागून घेते आणि पदराच्या गाठीत बांधून आणते. ते तिने का ठेवावे हे मला कळलेले नाही, पण पाकीट नवे होते एवढे नक्की.

खोकल्याचे वेगळे. क्षयाचे जंतू हातावरून नव्हे तर हवेतून पसरतात. बंद खोलीत, गर्दीत, खोकणारा रुग्ण आणि बाळ घेऊन आलेली आई एकाच बाकावर तासभर बसले तर धोका वाढतो. उपाय फार स्वस्त आहे. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवायच्या, खोकणाऱ्याला रांगेत पुढे घेऊन लवकर मोकळे करायचे, त्याला मास्क द्यायचा. हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून वॉर्डाच्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले मी पाहिले आहेत. तिथे चार जादा ब्लँकेटे दिली तर खिडकी उघडी राहू शकते. ब्लँकेट हाही संसर्ग टाळण्याचा उपाय असू शकतो, हे देणगीदारांनी लक्षात घ्यावे.

नवजात बाळाच्या बाबतीत मुल्कोवालचाच जंतू पुन्हा भेटतो. विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापली, नाळेच्या देठाला राख, शेण किंवा तेल लावले, तर धनुर्वात होऊ शकतो. चांगले दूध ओढणारे बाळ काही दिवसांनी अचानक ओढेनासे होते, तोंड उघडत नाही, अंग ताठ होते. गरोदरपणातल्या टीटीच्या, म्हणजे आताच्या टीडीच्या, लसीमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे हा आजार इतका कमी झाला की २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. पण माती आहे तिथेच आहे. सुइणींना शिकवायच्या पाच गोष्टी आजही त्याच: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते नवे, बांधायचा दोरा स्वच्छ, आणि देठाला काहीही लावायचे नाही.

आदिवासी भागात हे काम होऊ शकते का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी गडचिरोलीचे उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. हात धुणे, बाळाला उबदार ठेवणे, आईचे दूध, बाळाचे वजन, आणि रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे ओळखून वेळेवर प्रतिजैविक देणे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा, नवजात बाळांचा मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्यांतल्या अनेक बायका फार शिकलेल्या नव्हत्या. याच धर्तीवर आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात. बाळ दवाखान्यात झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, म्हणजे सहा भेटी. वस्ती दूर आहे म्हणून त्यांतल्या किती प्रत्यक्ष होतात, हे आपल्या गावच्या मंडळींनी प्रेमाने विचारावे. आशाताईला गाडीवरून सोडून येणारा एखादा तरुण मिळाला तर तेही मोठे काम आहे.

दवाखान्यातल्या मावशी आणि सफाई कामगार यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. फरशी पुसणे, रक्ताचे बोळे उचलणे, बादल्या नेणे हे सगळे त्यांच्या वाट्याला येते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताने भिजलेले कापूस-बोळे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात आणि सुया-पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हव्यात. घाईत कोणी सुई पिवळ्या पिशवीत टाकली तर ती टोचते डॉक्टरला नव्हे, मावशीला. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर दर शंभरात तीसपर्यंत लोकांना लागण होऊ शकते. यावर लस आहे, तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी बहुधा घेतलेली असते. कंत्राटी मावशीला विचारा, बहुतेक वेळा उत्तर येते, "कुणी सांगितलंच नाही."

सेवा करणाऱ्याने आजार अंगावर घ्यावा ही आपल्याकडे काहीशी गौरवाची गोष्ट मानली जाते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्यापुढे मान लवते. पण त्या काळी त्यांच्याजवळ ना औषध होते ना संरक्षण. आज मोजे, मास्क, लस उपलब्ध असताना कोणाला तशीच सेवा करायला लावणे बरोबर नाही. शिवाय सेवक आजारी पडला की संसर्ग रुग्णांपर्यंतही पोहोचतो. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर कोरोनाबाधित निघाले आणि ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले. मोठ्या शहरातल्या सुसज्ज रुग्णालयाची ही गत.

आता आपल्याबद्दल. रविवारच्या उपासनेनंतर महिला मंडळ, तरुण संघ रुग्णभेटीला जातात. हे फार चांगले काम आहे आणि ते थांबू नये. पण दहा जणांनी एकदम वॉर्डात शिरून प्रत्येक खाटेवर डोक्यावर हात ठेवत जाणे म्हणजे पहिल्या रुग्णाचे जंतू दहाव्याला नेऊन देणे. दोघे-तिघे जा. आत शिरताना आणि प्रत्येक खाटेनंतर हात चोळा. हॅन्डरबची छोटी बाटली पर्समध्ये मावते. खाटेवर बसू नका. सर्दी-खोकला, जुलाब किंवा डोळे आलेले असतील तर त्या रविवारी घरी राहूनच प्रार्थना करा. नवजात बाळाचा मुका घेऊ नका, मग बाळ कितीही गोड असो. जखमेची पट्टी उघडून "बघू बरं कितपत भरलंय" हे तर अजिबात करू नका.

एका ठिकाणी हे सांगत असताना एका वडीलधाऱ्या बंधूंनी मार्काचा सातवा अध्याय पुढे केला. हात न धुता जेवण्यावरून परूशांनी शिष्यांना दोष दिला आणि प्रभूने त्यांना फटकारले, मग तुम्ही हात धुण्याचा एवढा आग्रह का धरता? प्रश्न मला आवडला. तिथला वाद विधीच्या शुद्धाशुद्धतेचा होता, कोण पवित्र आणि कोण अपवित्र याचा. त्याच प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला. दवाखान्यात आपण हात धुतो ते रुग्णाला अपवित्र समजून नव्हे. आपल्या हातून त्याला इजा होऊ नये म्हणून धुतो. बंधूंनी मान हलवली. पटले की नाही माहीत नाही, पण पुढच्या रविवारी त्यांच्या खिशात बाटली होती.

राहिला देणगीचा प्रश्न. आधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यामार्फत लेखी द्या म्हणजे वस्तूची नोंद राहते. त्यांना कशाची अडचण आहे ते त्यांच्या तोंडून ऐका. माझ्या अनुभवात या गोष्टी कोणी मागत नाही आणि मिळाल्या तर रोज वापरल्या जातात: लेबर रूमसाठी वेगळी पाण्याची टाकी, कोपराने उघडता येणारे नळ, प्रत्येक खाटेजवळ हॅन्डरब अडकवायची पट्टी, मावशींसाठी जाड रबरी हातमोजे आणि गमबूट, सुयांचे पांढरे डबे, खिडक्यांच्या जाळ्या, ब्लँकेटे. सफाई कामगारांच्या हिपॅटायटिस बी लसीचा खर्च उचलणे हे तर एका मंडळीला सहज जमण्यासारखे आहे. वॉर्मर द्यायचाच असेल तर त्याबरोबर तो दोन बाळांमध्ये कशाने आणि कोणी पुसायचा, बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, हेही ठरवून घ्या.

आणि वस्तू दिल्यावर महिन्यातून एकदा जाऊन पाहा. बेसिनशी उभे राहा. नळ सोडा. साबणाची बाटली उचलून पाहा. रिकामी असेल तर तक्रारवहीकडे जाऊ नका, आधी विचारा की ती भरण्याचे काम कोणाचे आहे. अनेक ठिकाणी या प्रश्नाला उत्तरच नसते. सिस्टर म्हणते भांडारपाल, भांडारपाल म्हणतो मावशी, मावशी म्हणते मला दिलाच नाही. अधीक्षकांशी बोलून त्या कामापुढे एक नाव लिहून घ्या, त्या माणसाच्या सुट्टीच्या दिवसासाठी दुसरेही, आणि कागद बेसिनच्या वर भिंतीवर लावा. या उन्हाळ्यात टाकी धुण्याची तारीखही त्याच कागदावर टाका.